कोपरापर्यंत हात

मुलाखतीत त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले, आणि दोन्ही त्यांच्या जेवणाच्या डब्याबद्दल होते.

"हा डबा कोनाचा होय?"

"तुमचा," मी म्हटलं.

"मंग माह्याजोळ डबे किती?"

इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी मी. धामणगाव रेल्वेहून सकाळची गाडी पकडून, इस्त्रीचा ड्रेस सांभाळत अमरावतीला आले होते, ते काय डबे मोजायला? "मला काय माहीत?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

"बस्स!" ते एकदम खूश झाले. "डब्याले विचारलं तं मालक एकच सांगते. मालकाले विचारलं तं डबा एक असंन, चार असतीन, नसतीन बी. एकाच बाजूनं विचारून जो लिवते, थो फसते. सोमवारपासून येजो."

राजापेठेत झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. मालक माझ्याहून तीन वर्षांनी मोठा एक हुशार मुलगा, मी, आणि माझी मुलाखत घेणारे हे. पंचावन्नच्या पुढचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. शर्टाची डावी बाही मनगटापर्यंत बटण लावून आणि उजवी कोपराच्या वर दुमडलेली, उन्हाळा असो की थंडी. चाकांच्या खुर्चीवर ते बसत नसत. "जे जाग्यावर राहत नाही त्याच्यावर बसून इचार कसा करावा?" असं म्हणत त्यांनी अकोल्याहून एक लोखंडी स्टूल आणलं होतं. त्याच्यावर ताठ बसून दोन बोटांनी टाइप करायचे. पहिल्या आठवड्यात मी घरी जाऊन त्यांची नक्कल केली आणि आई-बाबा पोट धरून हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

आमचं काम पीएचपीमधलं. ऑफिसांची, दवाखान्यांची सॉफ्टवेअर पटापट उभी करता यावीत म्हणून पीएचपीवर बेतलेली एक तयार चौकट असते, तिला फ्रेमवर्क म्हणतात. त्यात प्रत्येक गोष्टीचं एक मॉडेल करायचं. पेशंट हे एक मॉडेल, डॉक्टर हे दुसरं. मग कोणाचं कोणाशी काय नातं आहे ते सांगायचं. याच्याकडे ते पुष्कळ असतात, म्हणजे ‘हॅज मेनी’. ते याच्या मालकीचं असतं, म्हणजे ‘बिलाँग्ज टू’. एवढं नीट सांगून ठेवलं की हवा तो माल गाळून हातात येतो. पोरं हे दोन दिवसांत शिकतात. भाऊंचं म्हणणं असं की दोन दिवसांत शिकतात म्हणूनच जन्मभर चुकतात.

नातं लिहायच्या आधी ते आम्हाला उभं करायचे. म्हणजे खरोखरच उभं. मालक डॉक्टर, मी पेशंट, खालचा झेरॉक्सवाला औषधाची चिठ्ठी. भाऊ टेबलाच्या खणातून सुतळीचा गुंडा काढत, एक टोक मालकाच्या मनगटाला, दुसरं माझ्या. "आता बोल. तू कोनाची? आन् हे चिठ्ठी कोनाची, तुही का डॉक्टरची?" एकदा बँकेचे साहेब मालकाला भेटायला आले तेव्हा मालक तीन सुतळ्यांनी बांधलेला, झेरॉक्सवाला "मी दोघांचाबी आहो" असं ओरडत असलेला. साहेब दारातूनच म्हणाले, "मी नंतर येतो." पण त्या सॉफ्टवेअरमधलं एकही नातं नंतर तोडून जोडावं लागलं नाही, हेही मला सांगितलंच पाहिजे.

भाऊ मूळचे कापसाचे ग्रेडर. खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्या यायच्या आणि कोणता कापूस कोणत्या प्रतीचा हे ठरवणं त्यांचं काम. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये ओढून धाग्याची लांबी सांगायचे. विचारात पडले की कीबोर्ड सोडून अंगठा आणि बोट तशीच एकमेकांवर घासत बसायचे. बाहीचं रहस्य मला मालकाने सांगितलं. गाडीच्या वरच्या थरात पांढराशुभ्र कापूस आणि पोटात कवडी, म्हणजे किडका पिवळट माल, हा सगळ्यांना ठाऊक असलेला प्रकार. बाकीचे ग्रेडर वरून मूठभर उचलायचे. भाऊ बाही सरकवून कोपरापर्यंत हात खुपसायचे. "वरचा कापूस तं नवरदेवासारखा असते," ते म्हणायचे. "सजवूनच ठेवते लोक त्याले. आतला पाह्य."

केंद्र बंद पडलं तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. शिक्षण बारावी. पुतण्या पुण्याला जाताना जुना कॉम्प्युटर घरी टाकून गेला होता, त्यावर ते शिकले. अकोल्यात जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांचं घर. तिथल्या गल्लीतल्या बाइंडरकडून त्यांनी फ्रेमवर्कचं इंग्रजी मार्गदर्शक छापून, लाल कापडात बांधून घेतलं. चांगला तीन बोटं जाड ग्रंथ झाला. रोज कामाला येताना अकोला ते बडनेरा गाडीत तो मांडीवर उघडलेला असायचा, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश, कानावर पेन्सिल. एकदा शेजारच्या बाईने भक्तिभावाने विचारलं, "कोनता अध्याय चालू आहे जी?" भाऊ म्हणाले, "नात्यांचा." बाईने ग्रंथाला हात लावून नमस्कार केला. त्यांनीही करू दिला.

पुण्याच्या एका कंपनीने त्यांना बोलावलं होतं, चांगल्या पगारावर. गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं मले कोनी गाडीत हात घालू देनार नाही. घाई असते त्यायले."

अमरावतीजवळच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. मेळघाटातल्या गावांत शिबिरं घ्यायची, मोतीबिंदूचे पेशंट गाडीने खाली आणायचे, ऑपरेशन करून परत सोडायचे, आणि आठवड्याने चिखलदऱ्याच्या तपासणी केंद्रावर पुन्हा बोलवायचं. सगळ्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मी अर्ध्या तासात नाती काढून दाखवली. पेशंटची ऑपरेशनं पुष्कळ, पेशंटच्या तपासण्या पुष्कळ. झालं.

भाऊंनी कागद पाहिला, बोटं घासली आणि स्टूल उचलून चालते झाले. दोन दिवस ते रुग्णालयाच्या बाकड्यांजवळ त्या स्टुलावर बसून होते. कोणाशी बोलत नव्हते, नुसते पाहत होते. तिथल्या मुख्य डॉक्टर मॅडमनी मालकाला फोन करून विचारलं, "तुमचा माणूस ठीक आहे ना?"

तिसऱ्या दिवशी ते आले आणि माझा कागद पालथा घातला. "पेशंट कापत नाही तिथं. डोया कापते. एकाचा उजवा आज, डावा पुढच्या साली. तपासनी डोयाची होय, मानसाची नाही. पेशंटले दोन डोये दे. आन् जे काय करशीन थे डोयाले लाव."

मी वाद घातला. दुप्पट नोंदी होतील, काम वाढेल, मॅडमनी असं काही मागितलेलंच नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आम्ही कागदावरसुद्धा वर्षानुवर्षं हेच चुकतोय." त्या दिवसापासून मी नक्कल करणं बंद केलं. हा बारावी शिकलेला माणूस दोन दिवस नुसता बाकड्याजवळ बसतो आणि डॉक्टरांना त्यांच्याच पेशंटबद्दल नवं सांगतो. मला तेव्हा त्यांची भीती वाटली, आणि अभिमानही वाटला.

आता माझी चूक.

रुग्णालयाला रोज सकाळी एक यादी हवी होती, तपासणी राहिलेल्यांची. तिथली बाई ती यादी उघडणार, एकेकाला फोन लावणार, फोन नसेल त्याला गाडीसोबत निरोप धाडणार. ती गाळणी मी लिहिली. ज्या डोळ्याची शेवटची तपासणी आठवड्याहून जुनी आहे, तो डोळा यादीत आण. पाच खोटे पेशंट तयार करून चालवून पाहिली, झकास चालली. माझे पाचही खोटे पेशंट शहाण्यासारखे एकदा तपासणीला येऊन गेलेले होते. मी स्वतः आज्ञाधारक मुलगी, त्यामुळे न येणारा पेशंट माझ्या डोक्यातच आला नाही. बुधवारी भाऊंनी माझ्या खांद्यावरून पाहिलं, "जमते" म्हणाले, आणि गाळणी कामाला लागली.

शनिवारी दुपारी आमच्याकडे आधी गिला वडा असायचा आणि मग ‘गाडी उपसणं’. आठवड्यात लिहिलेली प्रत्येक गाळणी भाऊ समोर घ्यायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "यादीत कोन आहे थे नको दाखवू. कोन नाही थे दाखव." पण त्या शनिवारी भाऊ अकोल्यातच अडकले होते, घरी लग्न होतं. त्यामुळे माझ्या गाळणीची गाडी उपसली गेली पुढच्या शनिवारी, दहा दिवसांनी.

"ऑपरेशनले आठवडा झालेले डोये किती?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला.

"या आठवड्यात तपासले किती? ... आन् राह्यलेल्याच्या यादीत किती? ... मंग दोन्ही मिळून पह्यल्याएवढे झाले पाह्यजे ना?"

झाले नाहीत. एकोणीस कमी पडत होते.

"एकोनीस डोये कुठी गेले वं?"

मी आधी बेरीज पुन्हा केली. मग गाळणी वाचली, आणि चूक दिसली. माझी गाळणी आधी तपासणी शोधत होती आणि मग तिची तारीख पाहत होती. ज्या डोळ्याची तपासणी एकदाही झालेली नव्हती, त्याची तारीख कुठून येणार? जुनी नाही, नवी नाही. तो डोळा कुठेच नव्हता. म्हणजे ऑपरेशननंतर जे एकदाही आले नव्हते, ज्यांना सगळ्यात आधी फोन जायला हवा होता, नेमके तेच मी पुसून टाकले होते.

भाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून लाल ग्रंथ काढला, ‘व्हेअर हॅज’चं, म्हणजे मी वापरलेल्या त्या गाळणीचं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. समासात त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: याले रिकाम्या हाताचा मानूस दिसत नाही.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "आन् बुधवारी मी वरूनच पाह्यलं."

संध्याकाळपर्यंत आम्ही फोन लावत बसलो. अठरा जण सापडले. बहुतेक ठणठणीत होते, चौघांना मॅडमनी सोमवारी बोलावून घेतलं. एकोणिसावी जानकीबाई. फोन नाही. पत्त्यात चिखलदऱ्याच्या पुढचं एक गाव आणि ‘गोठ्याजवळ’ एवढंच. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं, तीन आठवड्यांपूर्वी. आणि तिच्या नावाखाली दुसऱ्या डोळ्याची वेगळी नोंद होती: डावा, दृष्टी नाही, लहानपणी गाईचं शिंग लागलं. मी पहिल्यांदा काढली होती तशी नाती ठेवली असती, तर डाव्या डोळ्याची ही ओळ तिथे नसतीच, आणि हा तिचा एकुलता डोळा आहे हे आम्हाला कळलंच नसतं.

"सोमवारी त्यांची गाडी वर जाणारच आहे," मालक म्हणाला. "निरोप देऊ."

"सोमवार कवा येते थे तिच्या डोयाले ठाऊक आहे काय?" भाऊ म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "सकाळी पह्यल्या बसले येजो."

रविवारी आम्ही परतवाड्यावरून घाट चढून गेलो, पुढे चार मैल एका दुधाच्या गाडीत. मी सगळा वेळ मनात एकच म्हणत होते, ती बरी असू दे. गोठा सापडला. बाहेर सावलीत एक साठीची बाई डोळ्यावर पदर दाबून बसली होती. पदर काढला तेव्हा डोळा लालबुंद होता आणि सारखं पाणी वाहत होतं.

"मावशी, हे कधीपासून?" मी विचारलं.

"आठ-धा रोज झाले. दवाईची शिशी सरली, मंग दुखाले लागलं. डोकं बी फुटते माहं."

"मंग खाली काहून नाही आल्या?" भाऊंनी विचारलं.

"बलावतो म्हने ना!" ती चिडून म्हणाली. "दवाखान्यातल्या थ्या पोरीनं सांगितलं होतं, तुमी निंगू नका, आमी बलावतो. मी वाट पाहून राह्यली."

मला रडू येत होतं आणि रडायचा अधिकार नव्हता.

भाऊंनी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, असेल तशी आत्ता आणा. दूधवाल्याने कॅन उतरवले, आम्ही तिला मध्ये बसवलं. घाटात तिला दोनदा उलटी झाली. भाऊंनी त्यांच्या दुमडलेल्या बाहीच्या हाताने तिचं कपाळ धरून ठेवलं होतं, खाली येईपर्यंत. रुग्णालयात तपासून मॅडम म्हणाल्या, आत सूज आहे, दाब फार वाढलाय, दोन दिवसांनी कळेल काय उरतं ते. आणखी एक आठवडा गेला असता तर त्यांना काहीच करता आलं नसतं.

ऑफिसात मालकाने मला बाजूला घेतलं. वाईट मुलगा नव्हता तो, घाबरला होता. "सर्व्हर मध्ये बंद पडला होता असं सांगू. काम हातचं जाईल." मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही.

भाऊंनी ते ऐकलं. सरळ रुग्णालयात गेले, मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले आणि हात जोडले. "गाळनी चुकीची होती. पाह्याचं काम माहं होतं, मी नीट पाह्यलं नाही. माहं मी सांगितलं." मॅडम म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपासून ते तुमचं उपसणं माझ्यासमोर करा." काम गेलं नाही.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. "भाऊ, जानकीबाईंनाही तुम्हीच सांगा ना. माझ्याने नाही होणार."

"मी कसा सांगू?" ते म्हणाले. "तुह्या हातानं सुटली थे. तुह्याच तोंडून कयलं पाह्यजे तिले."

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी पट्टी काढली. सूज उतरली होती. मॅडमनी बोटं दाखवली, जानकीबाईने मोजली. मॅडमनी मागे सरकत सरकत भिंतीपर्यंत जाऊन दाखवली, तिने तीही मोजली. मॅडम हसल्या आणि बाहेर गेल्या. भाऊ दाराशी उभे होते. मी खाटेजवळ गेले.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्हाला बोलावणं आलं नाही ते माझ्यामुळे. बोलवायच्या लोकांची यादी मी केली होती. तुमचं नाव त्यात आलं नाही. माझी चूक झाली."

ती माझ्याकडे पाहत राहिली. इतक्या जवळून, इतकं टक लावून कोणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता शिवी देईल. द्यावी, असंही वाटलं.

"मंग आता लिव," ती म्हणाली.

"काय?"

"माहं नाव. माह्यासमोर लिव."

मी तिच्या केसपेपरच्या मागे पाच नावं लिहिली, सोमवारी बोलावलेल्या त्या चौघांची, आणि मधल्या ओळीत तिचं. कागद गुडघ्यावर धरलेला, अक्षर वाकडं आलं. तिने कागद ओढून घेतला, खिडकीकडे धरला.

"यातलं मी कोनतं?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिने माझं बोट बाजूला केलं, स्वतःचं ठेवलं आणि अक्षराच्या पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत हळूहळू फिरवत नेलं. एकदाही रेघ चुकली नाही.

"वाचता नाही येत वं मले," ती म्हणाली. "पन दिसून राह्यलं."